अंगाला बसणारी गाडी

साताऱ्यात थोराड बांध्याच्या माणसाने मोटारसायकल घ्यायची म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: बुलेट. पोवई नाक्यावरच्या चहावाल्यापासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी मला हेच सांगितलं. माझी उंची पाच फूट दहा इंच, वजन 112 किलो, वय चाळिशीला टेकलेलं, आणि आजवर हातात होती ती फक्त ॲक्टिव्हा. "मॅडम, तुमच्या पर्सनॅलिटीला दुसरी गाडी शोभायचीच नाही," असं म्हणणाऱ्यांत एकाचाही हेतू वाईट नव्हता. बाई माणूस मोटारसायकल घेतेय याचं त्यांना कौतुकच होतं. पण ते सगळे मला बाहेरून बघत होते. मी गाडीवर बसल्यावर कशी दिसेन, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. माझ्या मनातला प्रश्न वेगळा होता. जिने जन्मात क्लच दाबलेला नाही आणि जिचं अंग मोठं आहे, तिने शिकायचं कशावर?

शरीर मोठं असलं म्हणून सवय मोठी होत नाही. माझे हात लांब आहेत, पण अर्ध्या क्लचवर गाडी धरायची त्यांना ठाऊक नव्हती. पाय मजबूत आहेत, पण डाव्या पायाने गिअर टाकताना उजव्याने मागचा ब्रेक हलकेच दाबून ठेवायचा, ही जुळवाजुळव त्यांनी कधी केलेली नव्हती. मोटारसायकलपुढे मी एखाद्या सडपातळ कॉलेजकुमाराइतकीच कोरी होते. हे मी सांगायला गेले की लोक हसून म्हणायचे, "तुम्हाला काय, तुम्ही गाडी उचलून बाजूला ठेवाल."

बुलेटला या जिल्ह्यात मान आहे आणि तो खरा आहे. 1950च्या दशकात लष्कराने 350 सीसीच्या बुलेट घेतल्या, 1955 मध्ये बुलेट बनवणारी एन्फिल्ड इंडिया मद्रासला सुरू झाली. आणि हा जिल्हा कसा, तर अपशिंगे गाव आपल्या नावाला 'मिलिटरी' जोडून घेतं आणि देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 मध्ये साताऱ्यात उघडतं. इथल्या माणसाला त्या गाडीत नुसतं लोखंड दिसत नाही. माझे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेतून निवृत्त झाले आणि त्यांनी जुनी बुलेट घेतली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. किक मारण्याआधी ते डीकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब मोकळा करणारा खटका, दाबायचे, किक हळूहळू ढकलत अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचे, डीकॉम्प्रेसर सोडायचे, आणि मग एकच किक. त्या एका किकेमागे किती सराव होता ते आता कळतं. आबा जेमतेम साडेपाच फूट, अंगाने काटक. त्यांना कुणी कधी म्हटलं नाही की ही गाडी तुमच्या अंगाला शोभत नाही. त्यांना ती येत होती, बस.

तर त्याच आबांना मी विचारलं. ते म्हणाले, "बुलेट चांगलीच. पण अगं, मी आधी चार वर्षं राजदूत चालवली. पाडली, उचलली, परत पाडली. ते कुणी बघितलं नाही म्हणून कुणी सांगत नाही."

मग मी शोरूम पालथे घातले. प्रत्येक ठिकाणी मागणी एकच: टेस्ट राईड नको, मला नुसतं बसू द्या. गाडी स्टँडवरून काढून, दोन्ही पाय जमिनीवर, हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि मग मागे ढकलत न्यायची. पहिल्या गाडीसाठी हीच खरी परीक्षा आहे, असं माझं ठाम मत झालंय. चाळीसच्या वेगाला कुठलीही गाडी हलकी वाटते. तिचं वजन कळतं ते दुकानापुढच्या उतारावर, खडीत, यू-टर्न घेताना, गर्दीत एकाएकी थांबावं लागलं तेव्हा. नवशिक्याची गाडी पडते ती इथेच, शून्य ते पाचच्या वेगाला.

बुलेटच्याच कंपनीची क्लासिक 350 भरल्या टाकीसह 195 किलोची आहे. साईडस्टँडवरून सरळ करताना काहीच जड गेलं नाही, आणि माझ्या बरोबर आलेला भाऊ लगेच म्हणाला, "बघ, तुला जमतेय." पण मी ती मुद्दाम उजवीकडे थोडी कलती केली. सरळ उभी असेपर्यंत सगळा भार चाकांवर असतो, हातावर काही येत नाही. कलायला लागली की दर इंचाला ओझं वाढतं, आणि एका कोनापलीकडे ती कुणाचीच राहत नाही, पैलवानाचीसुद्धा नाही. तो कोन ओळखून त्याच्या आधी सावरणं, ही सवय आहे, ताकद नाही. उलट ताकदीवर भरवसा असलेला माणूस पडती गाडी धरून ठेवायला जातो, आणि गुडघा नाहीतर कंबर धरून बसतो. आमच्यासारख्यांच्या गुडघ्यांवर आधीच बोजा असतो. त्यांना आणखी दोनशे किलो झेलायला लावू नयेत.

त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. "आता नाही घेणार तर कधी?" असं सगळे म्हणू लागले. स्वस्त झाली ही चांगलीच गोष्ट, पण वजन तेवढंच राहिलं.

मग हलकी घ्यावी, तर तिथे दुसरी अडचण. भावाची स्प्लेंडर 112 किलोची, बरोबर माझ्या वजनाइतकी. शिकायला तिच्यासारखी सोपी गाडी नाही. पण तिच्यावर माझे गुडघे इतके वर येतात की हँडल पूर्ण वळवलं की मूठ मांडीला अडते. यू-टर्नला नेमकं तेवढंच वळण लागतं. ज्याला जागा पुरत नाही तो माणूस सगळं शरीर आवळून बसतो, खांदे वर चढतात, मनगटं ताठ होतात, आणि ताठ मनगटाने ॲक्सिलेटर कधीच अलगद फिरत नाही. लोकांना वाटतं मोठ्या माणसाला मोठं इंजिन लागतं. त्याला लागते जागा. सीटपासून फूटरेस्टपर्यंत, सीटपासून हँडलपर्यंत आणि फूटरेस्टपासून हँडलपर्यंत, ही तीन अंतरं अंगाला बसली की गाडी निम्मी जमली. ही अंतरं जाहिरातीत छापत नाहीत. तिथे सीटची उंची तेवढी असते, आणि बुटक्या सीटवर पाय छान टेकतात म्हणून उंच माणूस खूश होऊन ती घेतो. फूटरेस्ट जवळ आला की दोन तासांनी गुडघे बोलायला लागतात. त्याच कंपनीच्या हंटर 350वर माझं हेच झालं. गाडी देखणी, 181 किलोची, सीट 790 मिलिमीटर, पण माझे पाय तिथे मावले नाहीत. मिटिऑरची सीट 765, पाय पुढे पसरलेले, आराम भरपूर. पण पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार बुडावर येतो. खड्डा आला तर फूटरेस्टवर उभं राहता येत नाही, आणि 112 किलोचा दणका थेट मणक्यात बसतो. ज्यांना हायवेने सरळ पुण्याला जायचंय त्यांनी ती जरूर बघावी. मला कासकडे आणि बामणोलीकडे जायचं होतं.

आणखी एक आकडा मी प्रत्येक शोरूममध्ये विचारला आणि तो सांगताना बहुतेकांना माहितीपुस्तक उघडावं लागलं: या गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालतं? गाडीचं स्वतःचं वजन एक, आणि तिने पेलायचं वजन दुसरं. त्या दुसऱ्या आकड्यात चालवणारा, मागे बसणारा, पिशव्या, सगळं धरलेलं असतं. ज्याचं वजन सत्तर आहे त्याने हा आकडा आयुष्यात बघितला नाही तरी चालतं. आपल्याला तो आधी बघायला हवा, आणि विचारताना आवाज खाली आणायचं कारण नाही. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला संकोच वाटला होता हे खरं. पण सेल्समनने पान काढून दिलं, बोट ठेवलं, आणि पुढच्या गाडीकडे वळला. त्याला ते नुसतं एक माप होतं.

टायरवरसुद्धा हे लिहिलेलं असतं. मापाच्या पुढे दोन आकडी संख्या आणि इंग्रजी अक्षर असतं, ती संख्या म्हणजे टायर किती भार घेईल त्याचा संकेत. 54 असेल तर 212 किलो, 62 असेल तर 265 किलो, तेही हवा बरोबर असेल तेव्हा. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेनकव्हरवर हवेचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी वेगळा आणि मागे माणूस असेल तेव्हाचा वेगळा. माझ्यासारख्याने एकट्याने जातानाही मागच्या चाकात दुसरा आकडा भरावा, असं मिस्त्रींनी सांगितलं, आणि ते पटण्यासारखं आहे. दोन माणसांचं वजन आहेच की मागे.

मिस्त्रींचं गॅरेज गोडोलीत आहे. पहाटे दूध घालणाऱ्यांच्या गाड्या त्यांच्याकडे येतात. दोन्ही बाजूंना चाळीस लिटरची कॅन, म्हणजे नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर, आणि खालची गाडी शंभर सीसीची. मी म्हटलं, "हे चालतं, मग माझं का नाही चालणार?" ते म्हणाले, "ताई, चालतं म्हणजे काय? त्याचे शॉकप बघा, मागचे ब्रेक लायनर बघा. मला दर थोड्या दिवसांनी बदलावे लागतात. आणि कॅन खाली लटकतात, चाकाच्या बाजूला. माणूस वर बसतो. वरचं वजन गाडीला झुलवतं." उंचीवरचं वजन वेगळं आणि खालचं वेगळं, हे मला कुठल्याही व्हिडिओत इतकं सोपं सांगितलेलं आढळलं नव्हतं.

ब्रेकचं गणित तर त्याहून सरळ आहे. 112 किलोची गाडी आणि 60 किलोचा माणूस मिळून 172. त्याच गाडीवर मी बसले की 224. एकाच वेगाला मला थांबवताना ब्रेकने सुमारे 30 टक्के जास्त ऊर्जा गिळायची. सपाटीवर हे जाणवतही नाही. यवतेश्वरचा घाट उतरताना जाणवतं, कारण तिथे ब्रेक दाबलेलाच राहतो, तापतो आणि ड्रम असेल तर पकड ढिली पडत जाते. म्हणून पुढे डिस्क हवीच, हे मी ठरवलं. 2019च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्यामुळे त्या वरच्या गटातली आणि त्यानंतरची गाडी घ्यायची हेही ठरलं. बाकी काम इंजिनावर सोपवायचं. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं तरी तो सांगेल.

मला हवी होती ती गाडी अशी: जागा मोठ्या माणसाची, वजन नवशिक्याला पेलणारं. हे दोन्ही एकत्र उंच आणि हलक्या गाडीत मिळतं, खडबडीत रस्त्यांसाठी बनवलेल्या. त्या गाड्यांची सीट वर असते म्हणून बुटके लोक त्यांना बिचकतात, आणि तोच आपला फायदा. सीट उंच म्हणून गुडघे मोकळे, हँडल रुंद आणि वर म्हणून पाठ सरळ. हीरोची एक्सपल्स 200 मी शेवटी बघितली आणि बसल्या बसल्या खांदे खाली आले. सीट 825 मिलिमीटर, वजन 160 किलोच्या आत. मी बसले की स्प्रिंग दबून सीट आणखी खाली येते, त्यामुळे दोन्ही पाय व्यवस्थित टेकतात. क्लासिकपेक्षा जवळजवळ पस्तीस किलोने हलकी. कागदावर पॉवर दोन्हींची एकोणीस-वीस अश्वशक्तीच्या आसपास, टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, मात्र हिचा 17 न्यूटन मीटर आणि क्लासिकचा 27. म्हणजे चढावर मला गिअर जास्त बदलावे लागणार. नवशिक्याला ते चांगलंच, असं मी मानते. गिअर बदलून बदलूनच हाताला-पायाला कळतं, आणि इंजिन कधी कुरकुरतंय ते कानाला कळतं.

नवी घेतली नाही. पहिली गाडी पडणार, आरसा, लिव्हर, इंडिकेटर तुटणार, हे गृहीत धरूनच चालावं. एमएच-11 पासिंगचीच एक जुनी मिळाली, फॉर्म 29 आणि 30 भरून नावावर झाली. घेण्याआधी मिस्त्रींनी पुढचं चाक उचलून हँडल हलवून बघितलं, पुढच्या शॉकपच्या नळ्यांवर बोट फिरवून ऑईल येतंय का पाहिलं, आणि पुढचा ब्रेक धरून सगळं वजन टाकून गाडी दाबली.

नंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी टेप घेतला आणि मागच्या चाकाच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका बोल्टपर्यंतचं अंतर मोजलं. आधी गाडी रिकामी, मग मी हेल्मेट-बूट घालून बसलेली. दोन्ही आकडे खडूने फरशीवर लिहिले. मागचं चाक वर-खाली जायला एकूण 170 मिलिमीटर वाव आहे. त्यातला साधारण तिसरा हिस्सा माणूस नुसता बसल्यावर जावा, बाकीचा खड्ड्यांसाठी राखून ठेवायचा. माझा निम्म्याच्या आसपास बसण्यातच संपत होता. कंपनी स्प्रिंग बसवते ती मध्यम वजनाचा माणूस धरून. मागचं असं खाली बसलं की पुढचं उचललं जातं, हँडल नको इतकं हलकं लागतं, आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. त्यांनी पाना लावून स्प्रिंगखालची कडी एकेक खाच वर चढवली, प्रत्येक खाचेला टक् असा आवाज, आणि दर दोन खाचांनी मला परत बसवून टेप लावला. शेवटी आकडा हवा तिथे आला. खर्च काहीच नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की गाडीवर बसून अंग दुखलं तर दोष आपल्या अंगाचा. त्या टेपने सांगितलं की मधे एक कडी असते आणि ती फिरवायची असते.

सीट मात्र अरुंद होती, अशा गाड्यांची असतेच. ती एका सीटवाल्याकडे दिली. शिंपी माप घेतो तसं त्याने मला बसवून, दोन्ही बाजूंना खडूच्या रेघा मारून माप घेतलं, मागे रुंदीला फोम वाढवला आणि मांड्यांपाशी होता तसाच ठेवला. तिथे वाढवला असता तर पाय फाकून जमीन लांब गेली असती. हे त्याला न सांगता कळलं होतं.

एक सूचना मिस्त्रींनी वारंवार दिली, तीही इथे लिहून ठेवते. गाडी साईडस्टँडवर असताना फूटरेस्टवर पाय देऊन चढायचं नाही. आपलं सगळं वजन त्या एका कांबीवर येतं. आधी गाडीच्या बाजूला उभं राहून पुढचा ब्रेक धरायचा, मग उजवा पाय सीटवरून पलीकडे. मला सुरुवातीला पाय तेवढा वर जाईना. गाडी माझ्या बाजूला किंचित कलती करून घेतली की जातो. आणि पडलेली गाडी उचलायची ती पाठीने वाकून नाही: गाडीकडे पाठ करायची, बुड सीटच्या कडेला टेकवायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागचा ग्रॅब रेल धरायचा आणि पायांनी मागे रेटत उभं राहायचं. उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी साईडस्टँड उघडून ठेवायचा, म्हणजे पलीकडे जाऊन पडत नाही.

शिकले ते एमआयडीसीत, रविवारी संध्याकाळी, रस्ते मोकळे असताना. याच एमआयडीसीत 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना, जिथे प्रिया स्कूटर तयार व्हायची. बाबांकडे प्रिया होती, डाव्या मुठीत गिअर फिरवायचे. त्या रस्त्यांवर क्लच शिकताना मला बाबांच्या मनगटाची ती हालचाल सारखी आठवायची. माझ्याकडे लायसन्स होतं ते बिनगिअरचं. गिअरच्या गाडीसाठी पुन्हा लर्निंग काढावं लागलं. ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या परीक्षेला तीस दिवसांनंतरच जाता येतं. ही तीस दिवसांची अट फार योग्य आहे. परीक्षेत गाडीने काढायचा आठचा आकडा वेगाने काढताच येत नाही. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर पाय, मान वळवून नजर पुढच्या वळणावर. तिथे गाडी हलकी असण्याचं मोल मला पुरेपूर कळलं.

कपड्यांचं दुःख वेगळं आहे. बायकांची रायडिंग जॅकेटं माझ्या मापाच्या बरीच आधी संपतात. शेवटी पुरुषांचं थ्री एक्सेल घेतलं, खांद्याचं आणि कोपराचं पॅड जागेवर बसतंय ना एवढं बघितलं. पॅड सरकत असेल तर जॅकेटचा उपयोग नाही, मग ते कितीही महाग असो. हेल्मेट आयएसआयचंच, भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजून. गालांना घट्ट लागायला हवं. दुकानदार एक नंबर मोठं देऊ करतो, "सैल बरं वाटेल" म्हणून. घेऊ नये.

आबांनी गाडी बघितली, मागे-पुढे फिरून. "सायकलीसारखी दिसते," म्हणाले. मग स्वतः बसून बघितली, तर पाय टेकेनात. उतरून म्हणाले, "तुझीच आहे ही."

आईला मात्र या गाडीवरून सज्जनगडला जायचंय. मी तिला माहितीपुस्तकातलं पान दाखवलं. माझं वजन वजा केलं की मागे बसणाऱ्यासाठी फारसं उरत नाही, आणि मागे माणूस घेऊन चढण चढायला मी अजून तयारही नाही. तिने चष्मा लावून ते पान नीट वाचलं. म्हणाली, "मग मी एसटीने येते, तू गाडीवर ये. वर भेटू." तसं ठरलंय. सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, ते उद्या ऑफिसला जाताना स्टँडवर विचारणार आहे.